आरशातली प्रतिमा नेमकी कुठे असते? सपाट, अंतर्गोल आणि बहिर्गोल आरसे टेबलावर तपासण्याची रीत

आरशावर बोटाचा ठसा उमटवा आणि आरसा डोळ्यापासून वीसेक सेंटिमीटरवर धरा. एक डोळा मिटून आधी ठशाकडे बघा, मग आरशातल्या आपल्याच डोळ्याकडे. ठसा स्पष्ट असेल तेव्हा चेहरा धूसर होतो आणि चेहरा स्पष्ट झाला की ठसा पुसट होतो. दोन्ही एकाच पृष्ठभागावर असते, तर असे झाले नसते. ठसा काचेवर आहे, म्हणजे डोळ्यापासून २० सेंमीवर. चेहऱ्याची प्रतिमा काचेमागे तितकीच आत आहे, म्हणजे डोळ्यापासून ४० सेंमीवर. (चाळिशीनंतर जवळचे वाचायला चष्मा लागत असेल तर हा प्रयोग चष्मा लावून करा, नाहीतर ठसा कधीच स्पष्ट दिसणार नाही.)

आरशाचा धडा समजायला एवढाच धागा पुरतो: प्रतिमेला अवकाशात ठरावीक जागा असते आणि ती जागा पट्टीने मोजता येते. जागा सापडली की प्रतिमा लहान का मोठी, सुलट का उलट, वास्तव (पडद्यावर घेता येणारी) का आभासी (नुसती भासणारी), हे सगळे त्यातूनच निघते. नववीच्या पुस्तकातला सहा ओळींचा तक्ता मग पाठ करावा लागत नाही.

सामान

सपाट आरशाची १० × ५ सेंमीची पट्टी फोटोफ्रेमवाल्याकडून कापून आणा. कडा घासून घ्यायला सांगा. साधारण २० × २० सेंमीची साधी पारदर्शक काचही तिथेच मिळेल. अंतर्गोल (चमकती बाजू आत वळलेला) आरसा मात्र शाळेच्या प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानातून घ्या: व्यास ५ सेंमी, नाभीय अंतर (लांबून आलेले किरण जिथे एकवटतात त्या बिंदूचे, म्हणजे नाभीचे, आरशापासूनचे अंतर) १५ सेंमी. दाढीचा किंवा मेकअपचा मोठे दाखवणारा आरसा खेळायला ठीक आहे, पण त्याचे नाभीय अंतर बरेच जास्त असते आणि मोजमापाला टेबल पुरत नाही. बहिर्गोल (चमकती बाजू बाहेर फुगलेला) आरसाही त्याच दुकानात मिळतो. तो नसेल तर गाडीच्या आरशावर चिकटवायचा छोटा गोल आरसा स्पेअर पार्टच्या दुकानातून आणा. स्टीलचा चमचा नुसता बघण्यापुरता बरा. त्याची लांबीची आणि रुंदीची वक्रता वेगळी असते, त्यामुळे त्यावर काहीही मोजू नका.

शिवाय टाचण्या, थर्मोकोलचा तुकडा, मीटर टेप, पांढरे कार्डशीट, बटर पेपर, सारख्या उंचीच्या दोन मेणबत्त्या, मोबाईलचा टॉर्च आणि आरसा उभा करायला मातीचा किंवा घट्ट मळलेल्या कणकेचा गोळा.

आरसा कोणत्या प्रकारचा आहे हे हाताने चाचपून ठरवू नका. ५ सेंमी व्यासाच्या आणि १५ सेंमी नाभीय अंतराच्या आरशाची मधली खोली जेमतेम १ मिलिमीटर असते. त्याऐवजी आरसा चेहऱ्याजवळ धरून हळूहळू लांब न्या. चेहरा आरशात जणू तेवढाच राहिला, नुसता दूर गेला, तर आरसा सपाट. जवळ असताना मोठा दिसला, मग फुगत फुगत धूसर झाला आणि आणखी लांब नेल्यावर उलटा झाला, तर अंतर्गोल. पहिल्यापासून शेवटपर्यंत लहान आणि सुलटच राहिला, तर बहिर्गोल.

सपाट आरसा: टाचण्यांनी प्रतिमा शोधणे

१. थर्मोकोलवर कागद लावा, मधोमध एक रेघ मारा आणि आरशाची मागची, म्हणजे मुलामा असलेली बाजू रेघेवर येईल असा आरसा उभा करा. परावर्तन मुलाम्यावर होते, पुढच्या काचेवर नाही. रेघेवर पुढची कड ठेवली की सगळी मापे काही मिलिमीटरने चुकतात.

२. आरशासमोर ८ सेंमीवर एक टाचणी सरळ उभी टोचा. आरशातली टाचणी खऱ्या टाचणीला समांतर दिसली पाहिजे. तिरकी दिसली तर आरसा पुढे किंवा मागे कलला आहे. कणकेच्या गोळ्याने तो सरळ करा.

३. एका बाजूला सरकून, डोळा कागदाच्या पातळीवर आणून, प्रतिमेच्या रेषेत दोन टाचण्या टोचा. त्या दोघींत किमान ५ सेंमी अंतर हवे. एक-दोन सेंमीच ठेवले, तर रेषेची दिशा जरा चुकली तरी छेदबिंदू भलतीकडे जातो. रेषेत धरायचे ते टाचण्यांचे पाय, डोकी नाहीत, कारण टाचणी थोडी कलली तरी डोके हलते आणि पाय जागेवर राहतो.

४. दुसऱ्या बाजूने हेच करा. आरसा उचला, दोन्ही रेषा रेघेच्या मागे वाढवा. त्या जिथे मिळतात तिथे प्रतिमा.

रेघेपासून ती ८ सेंमीच्या आसपास येईल आणि टाचणी व प्रतिमा जोडणारी रेषा आरशाला लंब असेल. दोन-तीन मिलिमीटर फरक राहिला तर निराश होऊ नका; काचेतून जाताना किरण वळतात त्याचा तो परिणाम आहे. ४ मिमी जाडीच्या काचेत मुलामा पुढच्या पृष्ठभागापासून ४ मिमीवर असला तरी भासतो सुमारे २.७ मिमीवर. पेनचे टोक काचेला टेकवा: टोक आणि त्याची प्रतिमा यांच्यात पाचेक मिलिमीटरची फट दिसेल. दुर्बिणीच्या आरशाला मुलामा पुढच्या बाजूला असतो, तिथे ही फट नसते. तसल्या आरशाला चुकूनही पेन टेकवू नका.

आता साधी काच घ्या. खोलीत अंधार करा, काच टेबलावर उभी करा आणि समोर १५ सेंमीवर पेटती मेणबत्ती ठेवा. काचेमागे दुसरी, न पेटवलेली मेणबत्ती सरकवत न्या. एका जागी तिच्या वातीवर ज्योत बसल्यासारखी दिसेल. डोके डावी-उजवीकडे हलवा. ज्योत वातीवरून घसरली नाही, तर प्रतिमेची जागा अचूक सापडली. मोजा: मागेही १५ सेंमीच. त्या मागच्या ज्योतीत बोट घातले तरी भाजत नाही, कारण तिथे प्रकाश पोहोचतच नाही. किरण तिथून आल्यासारखे फक्त भासतात. आभासी प्रतिमा म्हणतात ती हीच.

डोके हलवून पाहण्याची ही युक्ती पुढे सतत लागेल. दोन गोष्टी एकाच जागी असतील तर डोके हलवल्यावर त्या जोडीने हलतात. मागेपुढे असतील तर जी दूर आहे ती डोळा सरकतो त्याच दिशेने सरकल्यासारखी दिसते. म्हणून मागची वात पुढे घ्यायची की मागे ढकलायची, हे डोके एकदा हलवूनच कळते.

पूर्ण शरीर दिसायला आरसा उंचीच्या निम्मा पुरतो, पण तो योग्य जागी टांगला तरच. उंची १६० सेंमी आणि डोळे जमिनीपासून १५० सेंमीवर असतील, तर आरशाची खालची कड ७५ सेंमीवर आणि वरची १५५ सेंमीवर हवी. पाय दिसत नाहीत म्हणून लोक मागे सरकतात. उभा सपाट आरसा असेल तर त्याने काहीही फरक पडत नाही, आरसा खाली घ्यावा लागतो.

डाव्या-उजव्याची अदलाबदल हा नेहमीचा घोळ. उत्तरेकडे तोंड करून आरशासमोर उभे राहा आणि पूर्वेकडचा हात वर करा. प्रतिमेतही पूर्वेकडचाच हात वर जातो, डोके वरच राहते. उलटते ती फक्त आरशाला लंब असलेली दिशा: तुमचे नाक उत्तरेकडे, प्रतिमेचे दक्षिणेकडे. त्या माणसाच्या जागी आपण वळून उभे आहोत अशी कल्पना केली की मग तो हात ‘डावा’ वाटू लागतो.

अंतर्गोल आरसा

आधी एक ताकीद. या आरशाने सूर्याची प्रतिमा कागदावर घेऊ नका. १५ सेंमी नाभीय अंतराच्या आरशात ती जेमतेम १.४ मिमीची असते आणि ५ सेंमी व्यासावर पडलेला सगळा प्रकाश तिथे एकवटतो. त्या ठिपक्यातली तीव्रता साध्या उन्हाच्या सुमारे हजारपट होते. कागद पेटतो, डोळा तर क्षणात जातो. प्रयोग झाला की आरसा कापडात गुंडाळा. खिडकीत उघडा ठेवू नका.

नाभीय अंतर काढायला सूर्य लागतही नाही. खोलीच्या आतल्या भिंतीजवळ उभे राहून आरसा खिडकीकडे करा आणि समोरच्या झाडाची किंवा इमारतीची प्रतिमा कार्डशीटवर घ्या. कार्डशीट पुढेमागे करून प्रतिमा सगळ्यात रेखीव होते ती जागा धरा. आरशापासून तिथपर्यंतचे अंतर म्हणजे नाभीय अंतर. यात खिडकीचे गज रेखीव करण्याची चूक फार होते. गज ५ मीटरवर असतील तर प्रतिमा १५.० ऐवजी १५.५ सेंमीवर येते. २० मीटरवरचे झाड धरले तर १५.१ वर. बाहेरचे झाड रेखीव करा, गज धूसर राहू द्या.

आता मुख्य प्रयोग. बटर पेपरवर काळ्या शाईने साधारण १ सेंमीचे ‘र’ अक्षर काढा, पुठ्ठ्याच्या खिडकीत चिकटवा आणि मागून टॉर्च लावा. मेणबत्तीपेक्षा हे बरे: ज्योत हलते, शिवाय अक्षरामुळे प्रतिमा कशी फिरली तेही दिसते. अक्षर आरशाकडून पाहिल्यावर वाचता येईल असे लावा. अक्षराचा मध्य आणि आरशाचा मध्य एकाच उंचीवर आणा. आरसा एका बाजूला अगदी थोडा वळवा, म्हणजे परत येणारा प्रकाश अक्षरावर न पडता शेजारी पडेल. जास्त वळवलात तर अक्षराच्या उभ्या रेघा एका अंतरावर आणि आडव्या दुसऱ्याच अंतरावर रेखीव होतात. असे दिसले तर पडद्याला दोष देऊ नका, वळण कमी करा.

अक्षर आरशापासून ६० सेंमीवर ठेवा आणि पडदा सरकवत जा. पडदा आता अक्षर आणि आरसा यांच्या मध्ये येतो, म्हणून २-३ सेंमी रुंदीची कार्डशीटची पट्टीच वापरा. रुंद पडदा आरशाकडे जाणारा प्रकाश अडवतो आणि ‘प्रतिमाच येत नाही’ ही तक्रार बहुधा इथूनच सुरू होते. १५ सेंमी नाभीय अंतराला ही मापे मिळायला हवीत:

अक्षर ६० सेंमीवर: प्रतिमा २० वर, एक तृतीयांश आकाराची.
४५ वर: २२.५ वर, निम्मी.
३० वर: ३० वरच, अक्षराच्या शेजारी, तेवढीच.
२२.५ वर: ४५ वर, दुप्पट.
२० वर: ६० वर, तिप्पट.

जोड्या पाहा: ६० ला २०, २० ला ६०. अक्षर आणि पडदा यांच्या जागा बदलता येतात, कारण किरणाला उलट पाठवले तर तो त्याच वाटेने परत जातो. आकारही अंतरांच्या गुणोत्तरात येतो: प्रतिमा आरशापासून वस्तूच्या तिप्पट दूर असेल तर तिप्पट मोठी. ३० सेंमी हे नाभीय अंतराच्या दुप्पट, म्हणजे वक्रता त्रिज्या: आरसा ज्या गोलाचा तुकडा आहे त्याची त्रिज्या. त्या गोलाचे केंद्र ते वक्रता केंद्र. तिथे नुसती टाचणी उभी करून तिच्या उलट्या प्रतिमेचे टोक टाचणीच्या टोकाला भिडवले आणि डोके हलवून दोन्ही जोडीने हलतात का पाहिले, तर पडद्याशिवायही नाभीय अंतर मिळते. ही रीत खिडकीच्या रीतीपेक्षा जास्त अचूक आहे.

पडद्यावरचे ‘र’ नीट बघा. ते खाली डोके, वर पाय असते, पण कार्डशीट अर्धे फिरवल्यासारखी मान वाकवली की बरोबर वाचता येते. सपाट आरशातले ‘र’ कितीही मान वाकवली तरी वाचता येत नाही. वास्तव प्रतिमा फिरलेली असते, आरशातल्यासारखी उलटलेली नसते.

आता तीन गोष्टी करून पाहा, प्रत्येकीला मिनिटभर लागतो. अर्धा आरसा काळ्या कागदाने झाका: अर्धे अक्षर जाईल असे वाटते, पण पूर्ण अक्षर राहते, फक्त अंधूक होते, कारण अक्षराच्या प्रत्येक बिंदूतून निघालेला प्रकाश सबंध आरशावर पडत असतो. मग काळ्या कागदात २ सेंमीचे भोक पाडून फक्त मधला भाग उघडा ठेवा: प्रतिमा अंधूक पण जास्त रेखीव होते. तिसरी म्हणजे पडदा काढून टाका आणि प्रतिमेच्या जागेपासून आणखी ३० सेंमी मागे जाऊन आरशाकडे बघा. उलटे अक्षर आरशाच्या पुढे, हवेत तरंगताना दिसेल. पडदा प्रतिमा तयार करत नाही. किरण तिथे मिळतातच, पडदा फक्त ते चारी दिशांना विखुरतो.

अक्षर १५ सेंमीवर आणले की परावर्तित किरण समांतर निघतात आणि पडदा कुठेही धरा, काही मिळत नाही. १० सेंमीवर आणा: पडद्यावर नुसता उजेड, पण आरशात पाहिले तर तिप्पट मोठे, सुलट अक्षर, आरशामागे ३० सेंमीवर. दाढीचा आरसा असाच वापरतात, चेहरा नाभीच्या आत ठेवून. चेहरा नाभी आणि वक्रता केंद्र यांच्या मध्ये गेला की सगळे धूसर होते, कारण प्रतिमा तेव्हा डोक्याच्या मागे तयार होत असते आणि डोळ्यात शिरणारे किरण अजून एकवटायचे असतात. आरसा त्यात बिघडलेला नसतो.

गणित आणि आकृती

सूत्र: १ भागिले प्रतिमेचे अंतर, अधिक १ भागिले वस्तूचे अंतर, बरोबर १ भागिले नाभीय अंतर. चिन्हांचा नियम एकच ठेवा. वस्तू नेहमी आरशाच्या डावीकडे काढा, अंतरे आरशाच्या ध्रुवापासून, म्हणजे मध्यबिंदूपासून मोजा, डावीकडची ऋण आणि उजवीकडची धन. म्हणजे वस्तूचे अंतर कायम ऋण, अंतर्गोलाचे नाभीय अंतर ऋण, बहिर्गोलाचे धन. वस्तू −१०, नाभी −१५: −१/१५ + १/१० = १/३०, म्हणून प्रतिमा +३०, आरशामागे, आभासी. प्रतिमेच्या अंतराचे चिन्ह आधीच अंदाजाने भरणे ही परीक्षेतली सगळ्यात महाग चूक. ते उत्तरातून येऊ द्या.

आकृतीसाठी दोन किरण पुरतात: मुख्य अक्षाला (ध्रुव आणि वक्रता केंद्र जोडणाऱ्या रेषेला) समांतर जाऊन नाभीतून परतणारा, आणि नाभीतून जाऊन समांतर परतणारा. ताळा म्हणून वक्रता केंद्रातून गेलेला किरण आल्या वाटेने परतवा. आकृतीत कंपासने खोल कमान काढली की तीन किरण एका बिंदूत मिळतच नाहीत, आणि दोष पेन्सिलीला दिला जातो. हाताने काढलेली कमान खऱ्या आरशापेक्षा फार खोल असते. प्रमाणबद्ध आकृतीत आरसा सरळ उभी रेघ म्हणून काढा आणि रेघेच्या टोकांना छोटी वळणे द्या. आडवे प्रमाण १:५, उभे हवे तेवढे मोठे.

खोल कमानीत किरण खरोखरच एका बिंदूत मिळत नाहीत. गोलीय आरशाच्या कडेवर पडलेले समांतर किरण नाभीच्या अलीकडे, आरशाजवळ अक्षाला छेदतात. त्रिज्या ३० सेंमी असेल आणि किरण अक्षापासून १५ सेंमी उंचीवर आला, तर तो १५ ऐवजी सुमारे १२.७ सेंमीवर छेदतो. चहाच्या स्टीलच्या पेल्यात दिव्याचा उजेड तिरका पडला की तळाशी टोकदार उजळ रेघ उमटते, ती याच न जुळलेल्या किरणांची. म्हणून मोठ्या आरशांचा आकार गोलाचा तुकडा नसतो. नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, अन्वस्ताच्या, म्हणजे समांतर किरण एकाच बिंदूत आणणाऱ्या वक्राच्या, आकाराच्या आहेत. त्या रेडिओ लहरी परावर्तित करतात, म्हणून तारांची जाळी चालते; लहरीच्या लांबीपेक्षा छिद्र बरेच लहान असले की लहरीला तो पृष्ठभाग सलगच असतो.

बहिर्गोल आरसा

याची प्रतिमा कायम आरशामागे, ध्रुव आणि नाभी यांच्या मध्ये, लहान आणि सुलट असते. वस्तू कुठेही न्या, यात बदल नाही. पडदा उपयोगाचा नाही, तेव्हा नाभीय अंतर असे काढा: आरशावर काळा कागद लावून त्यात २ सेंमी अंतरावर दोन बारीक भोके पाडा. उन्हात आरसा किंचित तिरका धरून दोन ठिपके कार्डशीटवर घ्या. ठिपक्यांच्या मध्यांतले अंतर ४ सेंमी होईपर्यंत कार्डशीट लांब न्या. आरशापासून कार्डशीटपर्यंतचे अंतर म्हणजे नाभीय अंतर, कारण किरण आरशामागच्या नाभीतून निघाल्यासारखे पसरत असतात आणि तेवढ्या अंतरावर पसारा बरोबर दुप्पट होतो. कार्डशीटवरचे ठिपके पाहा, आरशातला सूर्य नको.

गाडीच्या बाजूच्या आरशाचे उदाहरण घेऊ: नाभीय अंतर ६० सेंमी, मागचा ट्रक आरशापासून १२ मीटरवर, डोळा आरशापासून ६० सेंमीवर. सूत्राने प्रतिमा आरशामागे ५७ सेंमीवर येते, ट्रकच्या सुमारे एकविसाव्या हिश्शाची. म्हणजे प्रतिमा प्रत्यक्षात डोळ्याच्या खूप जवळ आहे. तरी ट्रक लांब वाटतो, कारण मेंदू अंतराचा अंदाज ओळखीच्या वस्तूच्या दिसणाऱ्या आकारावरून घेतो. त्या लहान प्रतिमेचा डोळ्यापाशी होणारा कोन काढला तर तो सुमारे २४.६ मीटरवर उभ्या असलेल्या ट्रकइतका भरतो. सपाट आरशात तोच ट्रक १२.६ मीटरवर दिसला असता. बाजूच्या आरशात दिसणारे अंतर या मापांना निम्मे धरावे लागते ते यामुळे.

बहुतेक गाड्यांत आतला, काचेवरचा आरसा सपाट असतो. लेन बदलताना शेजारी कोणी आहे का ते बाजूच्या आरशात बघा, कारण तो रुंद पट्टा दाखवतो. मागचे वाहन किती लांब आहे याचा अंदाज आतल्या आरशावरून घ्या. घाटातल्या वळणावर किंवा सोसायटीच्या पार्किंगच्या तोंडाशी लावलेला मोठा गोल आरसाही बहिर्गोलच असतो. त्यात गाडी दिसली की ती वाटते त्यापेक्षा लवकर पोहोचणार असे धरून थांबा.